मैदानावर फिरणारे पिवळे चतुर: वाँडरिंग ग्लायडरचं दिसणं, डबकं आणि प्रवास

पाणथळ

गणपती उठतात, पाऊस जरा उघडीप देतो आणि मोकळ्या मैदानांवर, माळावर, हायवेच्या कडेला पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे दिसायला लागतात. डोक्याच्या उंचीवर तासन्‌तास फिरतात, खाली बसत नाहीत. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. मध्ये दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "हे एवढे एकदम येतात कुठून?" तिथे दोन ओळींत उत्तर दिलं होतं, पण या किड्याला दोन ओळी फारच कमी पडतात. म्हणून हा वेगळा धागा.

या थव्यांत बहुतेक करून एकच जात असते. वाँडरिंग ग्लायडर, दुसरं नाव ग्लोब स्किमर. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅवेसेन्स. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने १७९८ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही भारतातल्या नमुन्यावरून. आज तो अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर सापडतो, युरोपात मात्र क्वचितच. पॅसिफिकमध्ये एकट्या पडलेल्या ईस्टर आयलंडवर चतुराची एकच जात आहे आणि ती हीच. हिमालयात ६,२०० मीटर उंचीवर त्याची नोंद आहे.

आधी ओळख पटवू. लांबी साधारण साडेचार सेंटिमीटर. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सात ते साडेआठ. डोळे वरून तांबूस तपकिरी आणि कडेने राखाडी-निळसर. छाती मळकट पिवळी, तिच्यावर बारीक लव. पोट सोनेरी, त्याच्या शेवटच्या दोन-तीन खंडांवर (म्हणजे कड्यांसारख्या भागांवर) पाठीच्या बाजूने काळ्या खुणा. नर वयात आला की पोटाच्या वरच्या बाजूला केशरी-लालसर रंग चढतो, मादी पिवळटच राहते. पंख स्वच्छ, पारदर्शक, टोकाजवळ एक छोटा तांबूस ठिपका. हातात धरून पाहायची गरज नाही, पण कधी मेलेला मिळाला तर मागचा पंख नीट बघा. बुडाशी, म्हणजे छातीला जोडलेल्या जागी, तो पुढच्या पंखापेक्षा चांगलाच रुंद असतो. या रुंदीमुळे त्याला पंख न हलवता हवेवर तरंगत राहता येतं. वजन जेमतेम ३०० मिलिग्रॅम आणि त्या मानाने पंख मोठे, त्यामुळे ताकद फार कमी खर्च होते.

बसायची पद्धतही वेगळी. बाकीचे बरेच चतुर काटकीच्या टोकावर आडवे बसतात, तिथून भुर्रकन उडून शिकार करतात आणि परत त्याच टोकावर येतात. हा क्वचितच बसतो, आणि बसलाच तर फांदीला उभा लटकतो, पोट सरळ खाली. संध्याकाळी झुडपांत शोधलं तर असे लटकलेले दिसतात.

आता डबक्याबद्दल. माझ्या मते हा सगळा प्राणी डबक्यावरून समजतो. डबकं समजलं नाही तर त्याचे पंखही कळत नाहीत आणि प्रवासही.

याची मादी अंडी घालते ती पावसाने नुकत्याच साचलेल्या उथळ, उघड्या पाण्यात. कोकणातल्या सड्यावरचे (जांभ्याच्या पठारावरचे) खळगे, भाताची खाचरं, वीटभट्टीचे खड्डे, बांधकामाच्या साइटवर साचलेलं पाणी, पोहण्याचे तलावसुद्धा. बारमाही तळं सोडून असल्या जागा का? कारण तळ्यात मासे असतात. तिथे आधीपासून वाढलेली, दुसऱ्या चतुरांची मोठी पिल्लंही असतात. नव्या डबक्यात खाणारं कुणी नसतं आणि खायला मात्र भरपूर असतं: डासांच्या अळ्या, पाणपिसवा, बेडकांची पिल्लं. अडचण एकच, हे पाणी आटणार. त्यामुळे इथे वाढायचं तर घाईने वाढावं लागतं.

आणि घाई खरोखर आहे. नर-मादी जोडीनेच पाण्यावरून उडतात, मादी पोटाचं टोक पाण्याला टेकवत जाते आणि प्रत्येक टेकवणीत अंडी सुटतात. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं. गरम पाण्यात पाच-सहा दिवसांत फुटतं. पिल्लू (पुस्तकी भाषेत डिंभक) दहा-बारा वेळा कात टाकत वाढतं, आणि अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचा सगळा प्रकार ३८ ते ६५ दिवसांत आटोपतो. थंड प्रदेशातल्या झऱ्यांत राहणाऱ्या काही चतुरांना यालाच चार-पाच वर्षं लागतात! तिथली पिल्लं चिखलात पुरून घेऊन भक्ष्याची वाट पाहत बसतात. ग्लायडरचं पिल्लू उघड्यावर फिरत, शोधत खातं. माशांच्या तळ्यात असं वागलं तर दोन दिवस टिकायचं नाही. डबक्यात चालतं.

शेवटी एका रात्री ते गवताच्या काडीवर चढून पाण्याबाहेर येतं. फुलपाखरासारखी कोशाची अवस्था इथे नसते. पाठ उकलते, आतून चतुर बाहेर येतो, पंखांत द्रव भरून ते ताणले जातात आणि उजाडता उजाडता उडून जातो. काडीवर रिकामी कात राहते.

आणि तो तिथे थांबत नाही, हे महत्त्वाचं. ते पाणी आटणार आहे किंवा आटलंही आहे. पुढची पिढी वाढवायची तर पाऊस जिथे पडतोय तिथे जायला हवं. म्हणून हा वाऱ्यावर स्वार होतो. मैदानावर आपण पाहतो तो थवा खाऊन चरबी साठवत असतो, पुढच्या प्रवासासाठी.

पुढचं प्रतिसादांत बोलू. तुमच्याकडे कधी दिसतात, कुठे दिसतात ते जरूर लिहा.

---

मावळमाती

पाणथळदादा, वाचताना आमची खाचरंच डोळ्यांसमोर आली. आमच्याकडे लावणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात उरकते. त्याच्या आधी चिखलणी झाली की खाचरात घोटाभर पाणी थांबतं आणि बांधावर उभं राहिलं की हे जोडीने पाण्यावर टिचक्या मारत फिरताना दिसतात. तुम्ही म्हणता तो हिशेब धरला तर ऑगस्ट संपेपर्यंत नवीन बाहेर पडायला पाहिजेत. आणि तसंच होतं. गौरी येतात त्या सुमाराला सकाळी खाचरात गेलं की भाताच्या काडीला पांढुरक्या काती चिकटलेल्या असतात, खालून वरपर्यंत. आजी म्हणायची हे दिसायला लागले की पावसाचा जोर सरला.

एक विचारायचं होतं. भाताला यांच्यामुळे काही त्रास होतो का? आमच्या शेजारचे म्हणतात काडी पोखरतात.

---

पाणथळ

मावळमाती, अजिबात नाही. चतुर पूर्ण मांसाहारी, पाण्यातही आणि हवेतही. काडी पोखरणारी खोडकिड्याची अळी असते, तो पतंग. चतुराचं पिल्लू काडीवर चढतं ते फक्त बाहेर पडण्यापुरतं. उलट खाचरावर फिरणारे चतुर तुडतुडे, चिलटं असले बारीक उडणारे किडे धरून खातात. शेजाऱ्यांना एकदा कात दाखवा आणि पोखरलेली काडी चिरून आतली अळी दाखवा. शेजारी शेजारी ठेवलं की फरक लगेच कळेल.

आजींचं निरीक्षण फार आवडलं. डबक्यांतली पहिली मोठी पिढी बाहेर पडायची वेळ आणि पाऊस ओसरायची वेळ आपल्याकडे साधारण एकच येते.

---

तर्कसंगत

लेख छान आहे, पण एका गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. समुद्र ओलांडतात, आफ्रिकेत जातात असं सगळीकडे वाचायला मिळतं. पक्ष्याला वाळं घालता येतं, उपग्रहाचं यंत्र लावता येतं. एवढ्याशा किड्याच्या मागे कोण गेलं? वाऱ्याने भरकटून चार-दोन बेटांवर पोचले आणि त्याचं स्थलांतर झालं, असं तर नाही?

---

पाणथळ

तर्कसंगत, प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात मालदीवमध्ये झाली. चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ तिथे राहायचे. त्यांच्या लक्षात आलं की दर वर्षी ऑक्टोबरमध्ये चतुरांची रीघ लागते, नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत लाटा येत राहतात, आणि त्यात जवळजवळ सगळे ग्लायडर. आता मालदीव म्हणजे प्रवाळाची बेटं. पाऊस पडला की पाणी वाळूत जिरतं, उघडं गोडं पाणी जवळपास नाहीच. म्हणजे एवढे चतुर तिथे जन्मलेले असणं शक्य नाही. भारताच्या मुख्य भूमीपासून मधे किमान ५०० किलोमीटर समुद्र. भरकटले म्हणावं तर दर वर्षी त्याच महिन्यात कसे भरकटतील? शिवाय त्यांनी नोंदी जुळवल्या तेव्हा क्रम दिसला: आधी दक्षिण भारत, मग मालदीवची उत्तरेकडची बेटं, मग दक्षिणेकडची, मग सेशेल्स, मग आफ्रिकेचा पूर्व किनारा. एप्रिल ते जूनमध्ये काही उलट दिशेने मालदीवमध्ये पुन्हा दिसतात. २००९ मध्ये त्यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं. त्यांची मांडणी अशी की हे जाऊन-येऊन १४,००० ते १८,००० किलोमीटरचं चक्र आहे आणि ते चार पिढ्यांत पूर्ण होतं. एकच चतुर जाऊन परत येत नाही. इथे पावसाळ्यात जन्मलेला जातो, त्याची पुढची पिढी पूर्व आफ्रिकेच्या पावसात जन्मते, ती आणखी दक्षिणेला सरकते, तिथे तिसरी पिढी होते, आणि चौथी मान्सूनच्या वाऱ्याबरोबर इकडे येते.

वाऱ्याबद्दलचा भाग मला सर्वात आवडतो. ऑक्टोबरमध्ये मालदीवमध्ये जमिनीलगत वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, म्हणजे भारतातून येणाऱ्याला समोरून. मग हे येतात कसे? तर वर, हजार मीटरच्या पुढे, वारा ईशान्येकडून वाहू लागलेला असतो. चतुर त्या थरात चढतात. पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकत असतो आणि हे त्याच्याच सोबतीने जातात, म्हणजे उतरतील तिथे नवीन डबकी तयार. पुन्हा डबकंच.

आता तुमचा खरा प्रश्न: ते भारतातलेच कशावरून? याचं उत्तर पंखात आहे. पिल्लू ज्या पाण्यात वाढतं त्या पाण्यातला हायड्रोजन त्याच्या शरीरात जातो. पावसाच्या पाण्यात साध्या आणि जड हायड्रोजनचं प्रमाण प्रदेशानुसार बदलतं. पंख एकदा तयार झाले की त्यांत पुढे काही बदलत नाही, त्यामुळे जन्मलेल्या पाण्याची खूण मरेपर्यंत त्यांत राहते. २०१२ मध्ये अँडरसन आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांचे पंख तपासले. खूण मालदीवची नव्हती, दक्षिण भारताचीही नव्हती. ती उत्तर भारताच्या बाजूची निघाली, कदाचित त्याच्याही पलीकडची. म्हणजे समुद्रावर निघण्याआधीच ते अख्खा देश ओलांडून आले होते.

तिसरा पुरावा २०१६ मधला. अमेरिकेतल्या संशोधकांनी भारत, जपान, कोरिया, अमेरिका अशा लांब लांबच्या ग्लायडरांचे डीएनए ताडून पाहिले. इतक्या दूरच्या समूहांत जेवढा फरक पडायला हवा तेवढा दिसला नाही. जगभरचे ग्लायडर एकमेकांत मिसळत असल्याची ही खूण.

वाळं घालून मागे जाणं जमलेलं नाही हे खरं. पण तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेले पुरावे एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे भरकटण्याची शंका आता मागे पडली आहे असं मला वाटतं.

---

तर्कसंगत

पंखातल्या हायड्रोजनचं माहीत नव्हतं. पटलं. धन्यवाद एवढं लिहिल्याबद्दल.

---

रानपाखरू

यात ससाण्यांची गोष्ट यायलाच हवी! अमूर ससाणा सैबेरिया-चीनकडून निघतो, नागालँडात लाखोंनी उतरतो, आणि तिथून भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट सोमालियाकडे जातो. २०१३ मध्ये नागालँडात काहींच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावली, तेव्हा हा रस्ता नकाशावर दिसला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लोणावळ्याच्या आसपासच्या पठारांवर पक्षीनिरीक्षक त्यांना बघायला जातात ते याच वाटेवरचे. हा ससाणा मुख्यतः किडे खाणारा. समुद्रावर खायला काय? अँडरसन यांचंच म्हणणं आहे की चतुरांची आणि या पक्ष्यांची वेळ आणि वाट जुळते, तेव्हा उडता उडता चतुर खात जात असणार. चातक, नीलपंखाचा युरोपीय भाऊबंद, काही वेडे राघू यांचाही प्रवास याच सुमाराला होतो.

आणि समुद्रापर्यंत कशाला जायचं. थवा मैदानावर आला की अर्ध्या तासात तारेवर कोतवाल आणि वेडे राघू हजर. वेडा राघू चतुर धरतो, तारेवर परत येतो आणि दोन-चार वेळा आपटून मग गिळतो. खाली पंख पडतात. आमच्या गच्चीखाली सकाळी झाडताना हेच पंख मिळतात, टोकाजवळच्या तांबूस ठिपक्यासकट.

---

ओसाकाकर

धागा बघून राहवलं नाही. इथे जपानात हाच चतुर ऑगस्टमध्ये सगळीकडे असतो. इथलं नाव उसुबाकी-तोंबो. पितरांचा ओबोन हा सण ऑगस्टच्या मध्यावर येतो, तेव्हाच यांचे थवे भातशेतीवर असतात, म्हणून जुनी माणसं सांगतात की पूर्वजांचे आत्मे यांच्या पाठीवर बसून घरी येतात. त्यामुळे पोरांना हे पकडू देत नाहीत. आपल्याकडेही पितृपंधरवडा याच हंगामात, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गावची खूप आठवण आली.

पण इथली कथा दुःखाची आहे. वसंतात हे दक्षिणेकडून, समुद्रावरून क्यूशूला येतात. तिथे एक पिढी होते, ती उत्तरेला सरकते, मग पुढची, असं करत उन्हाळ्याच्या शेवटी होक्काइदोपर्यंत पोचतात. आणि मग थंडी येते. पिल्लांना गार पाणी सोसत नाही, सगळी मरतात. परत जाणारे जवळजवळ नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा दक्षिणेकडून नवे.

पाणथळ, असं दर वर्षी मरायलाच का येतात?

---

पाणथळ

ओसाकाकर, ही माहिती फार मोलाची. ओबोनबद्दल इतक्या आपुलकीने लिहिलंत, छान वाटलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा डबक्याकडेच नेतं. या किड्याची रीतच अशी की जन्मलेली जागा सोडायची आणि जिथे पाणी साचलं असेल तिथे अंडी टाकायची. पुढे थंडी येणार की दुष्काळ, हे त्याला कळायचा मार्ग नाही. बहुतेक ठिकाणी, बहुतेक वर्षी ही रीत फळते. जपानातही उन्हाळ्यात तिला भरपूर फळ येतंच, हजारो पिल्लं वाढतात. ती साखळी हिवाळ्यात तुटते एवढंच. उष्ण प्रदेशात मूळ साठा शाबूत असल्यामुळे जात संपत नाही.

याची उलट बाजू ईस्टर आयलंडवर दिसते. तिथून उडून जायचं म्हणजे अथांग पाण्यावर जायचं. जे गेले ते संपले, जे घुटमळत राहिले त्यांची पिल्लं झाली. तिथल्या ग्लायडरांचा अभ्यास करणाऱ्यांना ते इतर ठिकाणच्यांपेक्षा गडद आणि जमिनीलगत राहणारे आढळले.

---

उपनगरी

मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे आणि कुणी रागावू नये. आमच्या वसाहतीत गेल्या पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट घरटी निघाले. माझा मुलगा आठ दिवस ॲडमिट होता. मैदानामागे मोठा खळगा आहे, त्यात पाणी साचतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यात जळकं ऑइल ओतलं. चतुर सुंदर आहेत, मान्य. पण डबकी वाचवा म्हणणाऱ्यांनी डासांचंही बघावं.

---

पाणथळ

उपनगरी, रागवायचा प्रश्नच नाही. मुलाची तब्येत आता ठणठणीत असेल अशी आशा. आजारपणापुढे बाकी सगळं नंतर.

म्हणूनच नेमकं लिहितो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास मैदानातल्या खळग्यात फारसा वाढत नाही. त्याला आवडतात कुंडीखालच्या बशा, कूलर, टायर, उघडी पिंपं, गच्चीवर पडलेले डबे. म्हणजे खळग्यात ऑइल ओतलं तरी डेंग्यूचा डास घराघरांत तसाच राहिला. आठवड्यातून एकदा ही भांडी रिकामी करून घासणं हाच त्यावरचा उपाय, आणि त्यात चतुराचं काहीच नुकसान नाही कारण तो तिथे अंडी घालत नाही.

खळग्यात हिवतापाचे ॲनोफिलीस वाढू शकतात, हे मी लपवणार नाही. डबकं नवीन असतं तेव्हा डास पुढे असतात. त्यांची पिढी आठ-दहा दिवसांत होते आणि चतुराचं पिल्लू तोवर लहानच असतं. पिल्लं मोठी झाली की डासांच्या अळ्या झपाट्याने कमी होतात. तेव्हा घराला चिकटलेली, पाच-सात दिवस राहणारी छोटी डबकी खुशाल बुजवा. ती चतुराच्याही कामाची नाहीत, त्यात वाढायच्या आत पाणी संपतं. दूरचा मोठा खळगा राहू द्या. भीती वाटत असेल तर त्यात बीटीआय टाका. हे जिवाणूंपासून केलेलं औषध डासांच्या अळ्या मारतं, चतुराच्या पिल्लांना इजा करत नाही. हिवताप विभागाकडे त्याची चौकशी करता येईल.

ऑइल मात्र नको, ही हात जोडून विनंती. तेलाचा तवंग उन्हात चकाकतो आणि चतुराला ते पाणी वाटतं. अंडी घालायला खाली आलेली मादी त्यात चिकटते. बेडूक जातात, माती खराब होते.

गप्पी मासे सोडण्याबद्दलही कुणी विचारेल म्हणून सांगतो. विहिरीत, कारंज्यात, पक्क्या टाकीत ते ठीक. सड्यावरच्या किंवा माळावरच्या नैसर्गिक डबक्यात सोडू नयेत. तिथला सगळा जीवच मासे नसण्यावर उभा आहे.

---

उपनगरी

मुलगा बरा आहे आता, धन्यवाद. बशा आणि पिंपांचं आमच्या ग्रुपवर टाकते. खळग्याचं पुढच्या मीटिंगला मांडेन, या वर्षी ऑइल नको म्हणून.

---

सडाकिनारी

रत्नागिरीकडून. आमच्या सड्यावर जांभ्यात असंख्य खळगे आहेत, पावसाळ्यात सगळे भरतात. बाहेरून येणारे लोक त्याला पडीक म्हणतात, सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेलं असतं. तिथे जून-जुलैत नुसती धांदल असते. बेडूक, खेकडे, पाणकिडे, रंगीत फुलांचे गालिचे आणि हे चतुर. जेसीबी लावून एकदा सपाट केलं की खळगा परत होत नाही. जांभा आहे तो, माती नाही. पाणथळ यांनी "डबक्यावरून प्राणी समजतो" असं लिहिलंय ते इथे उभं राहिलं की शब्दशः खरं वाटतं.

---

क्लिकक्लिक

फोटो काढणाऱ्यांसाठी प्रश्न. उडतानाच फोटो मिळतो, तोही पुसट. मग ओळखायचं कसं? मला तर प्रत्येक पिवळा-केशरी चतुर ग्लायडरच वाटायला लागलाय.

आणि एक गंमत. पार्किंगमधल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर हेच चतुर पोट टेकवत होते. पाणी समजतात का?

---

पाणथळ

क्लिकक्लिक, फोटो पुसट असला तरी चार गोष्टी दिसतात. मागच्या पंखाच्या बुडाशी गडद लालसर किंवा काळपट पट्टा असेल तर तो ट्रेमिया, तोही असाच उंच तरंगणारा, फसवणारा. गटाराच्या किंवा घाण तळ्याच्या काठी, पंखांवर केशरी छटा असलेला, सारखा बसणारा छोटा चतुर म्हणजे डिच ज्युएल. पूर्ण लालभडक आणि काडीवर बसलेला असेल तर स्कार्लेट स्किमर. सिमेंटच्या भिंतीला सपाट चिकटलेला, भिंतीच्याच रंगाचा, तो ग्रॅनाइट घोस्ट. पाण्यापासून दूर, मोकळ्या मैदानावर, पंख स्वच्छ, अंग सोनेरी आणि बसायचं नाव नाही, तर ग्लायडर. फोटोसाठी संध्याकाळी उशिरा झुडपांत जा, लटकलेले मिळतील. शांतपणे पुढे गेलात तर चांगला वेळ देतात.

बॉनेटचं बरोबर ओळखलंत. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्याच हलतात. आपल्याला तो फरक जाणवत नाही, चतुराच्या डोळ्याला जाणवतो, आणि त्यावरूनच तो पाणी शोधतो. चकचकीत गडद रंग तसाच प्रकाश परत पाठवतो. हंगेरीतल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की लाल आणि गडद गाड्यांकडे पाणकिडे जास्त ओढले जातात. बॉनेटवर घातलेली अंडी उन्हात वाया जातात. या हंगामात गाडीवर साधं कापडी कव्हर टाकलं तरी पुष्कळ.

---

शाळेतल्या_बाई

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मागे सिमेंटची उघडी टाकी आहे, वापरात नाही. त्यात पावसाचं पाणी साठलंय आणि मुलांनी आज त्यातून चतुराची पिल्लं शोधून काढली. मुलांचा उत्साह इतका की काही विचारू नका. वर्गात ठेवून चतुर बाहेर येताना दाखवता येईल का? पिल्लांना त्रास न होता करायचं आहे. काय काळजी घ्यावी?

---

पाणथळ

बाई, जरूर करा. यासारखा विज्ञानाचा तास दुसरा नाही.

सगळी पिल्लं काढू नका, तीन-चार पुरेत. प्रत्येक वेगळ्या भांड्यात ठेवा, एकत्र ठेवलीत तर एकमेकांना खातात. पाणी त्याच टाकीतलं घ्या. नळाचं घालायचं झालं तर एक दिवस उघडं ठेवून मग घाला, क्लोरीन निघून जायला हवं. भांडं पसरट असू दे, सावलीत ठेवा. खायला त्याच टाकीतल्या डासांच्या अळ्या. मात्र वर मच्छरदाणीचं कापड बांधा, म्हणजे न खाल्लेल्या अळ्यांचे डास वर्गात फिरणार नाहीत. कापड उंच ताणून बांधा, बाहेर पडणाऱ्याच्या पंखांना लागता कामा नये.

मुलांना भिंग द्या आणि शिकार बघायला लावा. पिल्लाचा खालचा ओठ घडी घालून डोक्याखाली मिटलेला असतो, पुढून बघितलं तर तोंडावर चमचा पालथा ठेवल्यासारखा दिसतो. अळी टप्प्यात आली की तो ओठ झटक्यात पुढे फेकला जातो, टोकाच्या दातेरी पाकळ्यांत अळी पकडली जाते आणि ओठ परत मिटतो. डोळा लवायच्या आत होतं, म्हणून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घ्या आणि वर्गात दाखवा. दुसरी गोष्ट श्वासाची. कल्ले गुदद्वाराच्या आत असतात. तिथून पाणी आत घेतं आणि बाहेर सोडतं. घाबरलं की तेच पाणी जोरात मागे सोडून पुढे सुसाट जातं. पाण्यात रंगाचा एक थेंब शेपटीजवळ हळूच सोडलात तर पाण्याची ये-जा मुलांना डोळ्यांनी दिसेल. खायचा रंग वापरा, अगदी थोडा.

टाकीत ग्रॅनाइट घोस्टचीही पिल्लं असू शकतात, त्यांनाही सिमेंटच्या टाक्या आवडतात. ग्लायडरच्या पिल्लाच्या पोटाच्या आठव्या आणि नवव्या खंडाला दोन्ही बाजूंनी लांब काटे असतात. जिवंत पिल्लू हाताळण्यापेक्षा नंतर कात गोळा करून तीवर काटे शोधा. काड्यापेटीत कापूस घालून ठेवली तर कात वर्षानुवर्षं टिकते.

बाहेर पडायची वेळ जवळ आली की पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या फुगतात आणि पिल्लू खाणं सोडतं. तेव्हा भांड्यात खरखरीत काडी उभी रोवा, पाण्याबाहेर वीतभर तरी वर आलेली. गुळगुळीत काडीवरून ते घसरतं आणि बुडून मरतं. टाकीतही अशा दोन-चार काड्या उभ्या करा, नाहीतर गुळगुळीत भिंतीवर बाकीच्यांना चढता येणार नाही. बाहेर येणं बहुधा रात्री होतं, त्यामुळे शाळेत राहायची सोय नसेल तर एखाद्या मुलाच्या घरी पालकांच्या परवानगीने भांडं ठेवता येईल. बाहेर आल्यावर निदान दोन-तीन तास हात लावू नका, पंख मऊ असतात, एकदा वाकले की वाकलेलेच राहतात. सकाळी कापड काढून भांडं उघड्यावर ठेवा.

तारखा मुलांकडून लिहून घ्या: पहिला मोठा पाऊस कधी, टाकीत पाणी कधी साठलं, पहिली कात कधी मिळाली. त्या इथे टाकल्यात तर मावळमातींच्या खाचरातल्या आणि सडाकिनारींच्या सड्यावरच्या तारखांशी जुळवून बघता येतील.

---

मावळमाती

मी टाकतो. आमचा पहिला मोठा पाऊस आणि लावणीची तारीख घरी लिहिलेली असते. या वर्षी कातीची तारीखही लिहीन.

---

शाळेतल्या_बाई

खूप खूप आभार. काड्या उद्याच लावते. मुलांनी आत्ताच विचारलंय की तुरीची काडी चालेल का.

---

पाणथळ

तुरीची उत्तम. साल सोलू नका.